लेकीला मागे ठेवून जर्मनीला जाऊ का?

ताई, नमस्कार.

मी मिरजेत एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. वय 34. जीएनएम केल्यापासून नोकरीच करते आहे, गेली काही वर्षं आयसीयूमध्ये. 2022 मध्ये आमचा संमतीने घटस्फोट झाला. मुलगी साडेआठ वर्षांची आहे, तिसरीत. ताबा माझ्याकडे. तिच्या वडिलांना महिन्यातले दोन रविवार भेटायची मुभा आहे, पण ते येतात गणपतीला आणि तिच्या वाढदिवसाला. महिन्याला चार हजार द्यायचं ठरलंय, ते कधी येतात, कधी नाही. त्यांनी दुसरं लग्न केलंय.

मी आईवडिलांकडे राहते. पगार 24 हजार. पुण्यातल्या एका एजन्सीमार्फत जर्मनीला जायचं चाललंय. जर्मन भाषेची बी-1 पातळी झाली, त्यापुढच्या बी-2 ची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. स्टुटगार्टजवळच्या एका गावातल्या हॉस्पिटलचा करार हातात आलाय, फेब्रुवारीत निघायचं. एजन्सीचे सर म्हणतात, "मॅडम, आधी एकट्या जा, सेटल व्हा, दोन-तीन वर्षांनी मुलीला न्या." आईचंही तेच, "पोर आमच्याकडे राहील, तू निवांत जा." भावाला तर जाणंच पसंत नाही, म्हणतो, एकटी बाई तिकडे कशी राहणार? मुलीच्या वडिलांना मी अजून काही बोललेले नाही, कळलं तर मोडता घालतील. मैत्रीण म्हणते, पासपोर्टला आता बापाची सही लागत नाही, गपचूप काढ आणि जा.

मुलगी रात्री विचारते, "तू गेल्यावर मी कुणाजवळ झोपायचं?" मी स्वार्थी आहे का?

– मिरजेहून एक वाचक


नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, नाहीतर तो मध्ये मध्ये लुडबुडत राहील. नाही. तुमच्या गल्लीतले किती बाप्ये पोटासाठी मुंबईला, दुबईला गेले असतील, बायकापोरांना गावी ठेवून. त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नाही. तुम्ही विचारलात, आता बाजूला ठेवा.

माझं म्हणणं असं: जा. पण एजन्सीचे सर सांगतात तसं नाही, आणि मैत्रीण सांगते तसं तर मुळीच नाही.

आधी सरांचं बघू. आईने स्थिरावावं, मग मूल न्यावं, हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. आपल्या घरांतून गेल्या दोन पिढ्या हेच करत आल्या. पण जर्मनीतली शाळा हा हिशेब उलटा करते. तिथली प्राथमिक शाळा बहुतेक राज्यांत चौथीपर्यंतच असते. चौथीच्या अखेरीस मुलांची वाटणी होते: विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियम, मधली रेआलशूल, नाहीतर कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी शाळा. तुमच्या राज्यात, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, सगळ्यांना एकत्र शिकवणाऱ्या गेमाइनशाफ्ट्सशूलही आहेत, आणि पुढे वाट बदलताही येते. पण बदलायला लागणारी भाषा नि जोर अकरा वर्षांच्या नव्या मुलीने कुठून आणायचा? तीन वर्षांनी तुमची लेक तिथे उतरेल तेव्हा तिच्या वयाची पोरं आपापल्या वाटेला लागलेली असतील आणि ती "गूटेन मॉर्गन"पासून सुरुवात करत असेल. हुशार असेल, पण ते सांगायला तिच्याकडे शब्द नसतील. साडेआठ-नऊचं मूल मात्र वर्ष-दीड वर्षात शेजारच्या पोरांसारखं बोलायला लागतं. नव्या मुलांसाठी तिथे भाषेचे वेगळे तयारी वर्ग असतात. तिथून तिसरीत बसवा असा आग्रह धरा, वर्ष वाया गेलं म्हणून हळहळू नका. त्या एका वर्षाने तिला वाटणीच्या आधी उसंत मिळते.

बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग या दोन राज्यांत प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे. एजन्सीकडे तिकडची हॉस्पिटलं असतील तर करारावर सही करण्याआधी विचारून बघा. जर्मनीला नर्स हव्या आहेत, तुम्ही काही उपकार मागत नाही आहात. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडे जो तो स्टुटगार्टचंच नाव घेतो. तेवढ्यावरून तुमचं गाव ठरायला नको.

म्हणून दोन-तीन वर्षं नाही. तुम्ही फेब्रुवारीत जा, लेक त्याच वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरला, शाळेचं नवं वर्ष सुरू होताना. सहा-सात महिने. तेवढे महिने आजीकडे राहणं वेगळं आणि "आई बोलवेल तेव्हा" असं राहणं वेगळं. तिला महिना सांगा, कॅलेंडरवर दाखवा. ती विचारते ना, कुणाजवळ झोपायचं? तर आजीजवळ, अमुक महिन्यापर्यंत, एवढं साधं उत्तर तिला पुरेल. "बघू" या उत्तरावर मुलं झोपत नाहीत.

आता खरी अडचण. आईला वाटतंय ती परक्या देशाची आहे. मला ती पहाटे पाच ते आठ या वेळेची वाटते.

तिथली पहिली पाळी साधारण सहाला सुरू होते, दुसरी दुपारी दीडच्या सुमाराला सुरू होऊन रात्री साडेनऊपर्यंत चालते, मग रात्रपाळी. शाळा आठच्या आसपास भरते आणि बऱ्याच ठिकाणी दुपारी सुटते. शाळेनंतर मुलांना सांभाळणारी जी सोय असते तिला हॉर्ट म्हणतात. ती कुठे सकाळी लवकर उघडते, कुठे नाही, पण रात्री साडेनऊपर्यंत सहसा उघडी नसते. म्हणजे पहिली पाळी असेल तर पोर सकाळी दोन तास एकटी, दुसरी असेल तर संध्याकाळभर एकटी. मिरजेत या वेळा आई, बाबा, शेजारच्या काकू मिळून भरून काढतात, ते तुम्हाला जाणवतही नसेल. तिथे ही सोय तुम्हाला स्वतः करावी लागेल, आणि ती करार करतानाच.

एजन्सी कदाचित सांगेल की आता जर्मनीत दिवसभराच्या सोयीचा कायदा झालाय. झालाय, पण ऑगस्ट 2026 पासून तो पहिलीतल्या मुलांना लागू होतो आणि दरवर्षी एकेक इयत्ता पुढे सरकतो. चारही इयत्तांना मिळेपर्यंत 2029 उजाडेल. तुमच्या लेकीला त्याचा उपयोग नाही. हॉर्टची जागा स्वतःच मिळवावी लागणार. पूर्वेकडच्या राज्यांत, साक्सन, थ्युरिंगेन वगैरे भागात, पूर्वीच्या पूर्व जर्मनीपासून ही व्यवस्था भक्कम आहे आणि घरभाडंही बरंच कमी. स्टुटगार्ट-म्युनिककडे पगार तोच, भाडं जास्त नि हॉर्टसाठी वणवण. दुसरी बाजूही सांगते: पूर्वेत परदेशी लोकांविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाला 2025 च्या संसदीय निवडणुकीत त्या पाचही राज्यांत सर्वांत जास्त मतं पडली. सावळ्या आईला नि लेकीला बसमध्ये ते कधीतरी जाणवू शकतं. तरीही मी एकट्या आईला लाइप्झिगसारखं मोठं शहर सुचवीन, स्टुटगार्टजवळचं खेडं नाही. खेड्यात संध्याकाळची बस चुकली की तासभर उभं राहावं लागतं, आणि हॉर्टवाल्या बाई दाराशी पोर घेऊन ताटकळतात.

रात्रपाळीबद्दल एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे आणि ती कुणी आपण होऊन सांगणार नाही. जर्मनीच्या कामाच्या वेळेच्या कायद्यात कलम 6 मध्ये अशी तरतूद आहे, की घरात बारा वर्षांखालचं मूल असेल आणि त्याला सांभाळणारं दुसरं कुणी त्या घरात नसेल, तर रात्रपाळीवरच्या माणसाला दिवसाचं काम मागता येतं. हॉस्पिटलची अगदीच निकडीची अडचण असेल तरच ते नाकारू शकतात. हे सहीनंतर मागण्यापेक्षा मुलाखतीतच बोला: "मी एकटी पालक आहे, मुलगी ऑगस्टमध्ये येईल, तेव्हापासून मला रात्रपाळी जमणार नाही." त्या वाक्यावर जे हॉस्पिटल मागे सरतं ते तुमच्या कामाचं नव्हतंच. डायलिसिस केंद्रं, डे क्लिनिक, वृद्धांची दिवसाची केंद्रं अशा ठिकाणी पाळ्या माणसासारख्या असतात. पण सुरुवातीला तुमची पदविका तिथे मान्य होईपर्यंत वॉर्डातच राहावं लागेल. मान्यतेची परीक्षा किंवा जुळवणीचा अभ्यासक्रम होईपर्यंत तुम्ही सहायक म्हणून काम कराल, पगारही सहायकाचा. आयसीयूत काम केलेल्या बाईला पहिले काही महिने फक्त आंघोळी घालायला लावतात, याचा त्रास होतो. आधी माहीत असलेलं बरं.

लेक आजारी पडली तर एकट्या पालकाला सरकारी आरोग्यविम्यातून सध्या वर्षाला 30 दिवसांपर्यंत पगाराचा मोठा भाग मिळून सुट्टी घेता येते. बालभत्ता 2026 पासून महिन्याला 259 युरो आहे, आणि एकट्या पालकासाठी आयकराचा वेगळा वर्ग आहे. अर्ज मात्र तुम्हालाच करावा लागतो. यावर घर चालेल असं समजू नका, पण भाड्याच्या तारखेला हे पैसे उपयोगी पडतात.

आणि लेकीच्या तिथल्या पहिल्या तीन महिन्यांसाठी तुमच्या आईलाही न्या. शेंगेन, म्हणजे युरोपात थोड्या दिवसांसाठी जाण्याच्या, व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. मुलीबरोबर आजीच विमानात बसली तर लेकीचा प्रवासाचा प्रश्नही सुटला, आणि नव्या शाळेतून दुपारी घरी आल्यावर वरणभात वाढायला कुणीतरी असेल. आई म्हणते "पोर आमच्याकडे राहील". तिला सांगा, पोर तुझ्याकडेच राहील, फक्त तीन महिने घर तिकडे असेल. एजन्सीने देऊ केलेली खोली बहुधा एकट्या नर्ससाठी असते, तिथे मूल चालत नाही. म्हणून मे महिन्यापासूनच दोन खोल्यांच्या घराच्या मागे लागा.

आता मैत्रीण. ती म्हणते ते अर्धं खरं आहे. पासपोर्टसाठी वडिलांची संमती मिळत नसेल तर आईने ॲनेक्शर सी हे स्वयंघोषणापत्र द्यायचं असतं, त्यासोबत कोर्टाचा निकाल जोडायचा. पासपोर्ट निघेल. पण पासपोर्टवर जर्मनीत राहता येत नाही, व्हिसा लागतो, आणि जर्मन व्हिसा अधिकाऱ्याला दोहोंपैकी एक गोष्ट हवी असते: मुलीचे सगळे पालकाधिकार एकट्या आईकडे आहेत असा निकाल, किंवा वडिलांची रीतसर लेखी संमती. तुमच्या निकालात काय आहे ते आजच काढून वाचा. ताबा तुमच्याकडे, भेटीचे रविवार त्यांच्याकडे, एवढंच असेल तर ते पुरणार नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक आधी बापच आहे. 1999 मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बाप हयात असूनही मुलाकडे लक्ष देत नसेल तर आई पालक ठरू शकते. चांगला निकाल आहे, पण तो तुमच्या बाबतीत लागू होतो की नाही हे न्यायाधीश ठरवणार, व्हिसाच्या खिडकीवरचा माणूस नाही.

तेव्हा वकिलाकडे जा आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली अर्ज करा. घटस्फोटानंतरही मुलांबाबतच्या अटी कोर्टाकडून बदलून घेता येतात. मागणी स्पष्ट ठेवा: मुलीला जर्मनीत नेऊन शिकवायची परवानगी, पासपोर्ट-व्हिसाचे निर्णय एकट्या आईने घ्यायची मुभा. बदल्यात तुम्ही काय देता तेही लिहा. दर रविवारी आपल्या संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल (तिकडे उन्हाळ्यात साडेतीन वाजलेले असतात, हिवाळ्यात अडीच), आणि दरवर्षी मोठ्या सुट्टीत भारतात आल्यावर ठरावीक दिवस वडिलांकडे. दोन रविवारांची मुभा असून वर्षातून दोनदा येणाऱ्या माणसाला कागदावर हे कमी दिसणार नाही.

आणि कोर्टात जाण्याआधी त्यांना तुमच्या तोंडून कळू दे. नोटिशीतून कळलं की माणूस हट्टाला पेटतो, मग मुलगी नको असली तरी केस हवी असते. तुम्ही एकट्या जाऊ नका, स्वतःच्या वडिलांना घेऊन जा, मुलीच्या वडिलांच्या नव्या घरी नको, एखाद्या तिसऱ्या जागी भेटा. पगाराचा आकडा सांगू नका. शाळेबद्दल बोला, भेटीबद्दल बोला. ते बहुधा म्हणतील, "मग ते चार हजार बंद करायचे का?" तिथे घाईने हो म्हणू नका. ते पैसे तुमचे नाहीत, मुलीचे आहेत. शिवाय सहीच्या बदल्यात पोटगी सोडली असं कागदावर आलं, आणि पुढे जर्मनीत पोटगी न देणाऱ्या बापाच्या जागी सरकारकडून मिळणारी आगाऊ मदत मागायची वेळ आली, तर तो कागद आडवा येऊ शकतो. "ते वकील बोलतील" म्हणा आणि चहा प्या.

नकार दिलाच तर? मग कोर्ट मुलीचं हित बघून ठरवेल आणि त्याला वेळ लागेल. तुमची फेब्रुवारी टळली तरी चालेल, हॉस्पिटल दोन-तीन महिने थांबतं. किंवा तुम्ही जा आणि अर्ज इकडे चालू ठेवा, वकिलाला मुखत्यारपत्र देऊन. पण गपचूप जाण्याचा विचार डोक्यातून काढा. तुम्हाला दरवर्षी सुट्टीत याच गावात यायचं आहे. विमानतळापासून घरापर्यंत पोरीचा हात घट्ट धरून, कोण भेटेल या धास्तीत यायचं का?

एजन्सीबद्दल थोडक्यात. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणी आहे का बघा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क 30 हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. करारात "अमुक वर्षांच्या आत सोडलं तर इतके युरो परत" अशी अट असते, ती मराठीत कुणाकडून तरी समजून घ्या. एकट्या आईला नोकरी बदलावी लागण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे तो आकडा तुमच्यासाठी नुसता बारीक अक्षरातला मजकूर नाही.

भाऊ म्हणतो एकटी बाई. त्यावर एवढंच: बर्लिन, म्युनिककडे मराठी मंडळं आहेत, गणपतीला जा, मोदक मिळतील. तिथे बहुतेक जोडपी आयटीतली, "मिस्टर कुठे असतात?" हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येईल, तयारीत राहा. रोजच्या अडचणीला मात्र वॉर्डातल्या मल्याळी नर्सेस धावून येतील. केरळच्या मुली 1960 च्या दशकापासून जर्मनीत नर्सिंग करत आहेत. हॉर्टमध्ये जागा कशी मिळते, कुठल्या डॉक्टरकडे मूल न्यायचं, कुठली हेड नर्स सुट्टी देते, हे त्यांना पाठ असतं. त्यांच्याशी ओळख पहिल्याच आठवड्यात करा.

बी-2 ची परीक्षा आधी नीट द्या, वकिलाकडे त्याच आठवड्यात जाऊ नका, पुढच्या आठवड्यात जा. आणि मुलीचं लसीकरणाचं कार्ड शोधून ठेवा. मार्च 2020 पासून जर्मनीत शाळेत जायला गोवरच्या लसीचे दोन्ही डोस घेतल्याचा पुरावा लागतो. आपल्याकडे ते नऊ महिन्यांनंतर आणि दीड-दोन वर्षांच्या सुमारास दिलेले असतात, पण कार्ड कपाटात कुठे गेलं हे फक्त आजीला माहीत असतं. दुसऱ्या डोसची नोंद नसेल तर तुमच्याच हॉस्पिटलमध्ये देऊन घ्या आणि शिक्क्यासह इंग्रजीत लिहून घ्या.